खाणीतले धोक्याचे काम प्रत्यक्षात कोण थांबवतो : कायदा, निरीक्षक की मायनिंग सरदार?

पैनगंगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९५२ चा खाण अधिनियम व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. चर्चा झाली ती वेतन, ग्रॅच्युइटी आणि निश्चित मुदतीच्या नोकऱ्यांची. खाणींबद्दल मराठीत फारसे काही वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी खाण अभियंता असून यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा खाणींत माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपल्याकडे खाणींसाठी नियम कमी आहेत असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. पहिला खाण कायदा १९०१ चा. खाणींची तपासणी करणारे सरकारी कार्यालय ७ जानेवारी १९०२ रोजी कोलकात्यात सुरू झाले आणि १९०८ मध्ये धनबादला गेले. आजचे खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, ते हेच. गॅलरीची (जमिनीखालच्या बोगद्याची) रुंदी, हवेतील मिथेनचे प्रमाण, सुरुंग उडवण्यापूर्वी कोणी कुठे उभे राहायचे, अशा प्रत्येक गोष्टीला विनियम आहे.

तरीही तीन घटना शेजारी ठेवून पाहा. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि ३७५ माणसे गेली. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसले. २ फेब्रुवारी २००१ रोजी झरियाच्या बागडिगी खाणीत पाणी घुसले आणि २९ जण गेले. तिन्ही ठिकाणी पाणी आले ते जुन्या, सोडून दिलेल्या आणि पाण्याने भरलेल्या कामांमधून. अशा कामांपासून ६० मीटरच्या आत जायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी आणि पुढे लांब भोके पाडून पाण्याचा अंदाज घेत जावे, हा नियम १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत होता. म्हणजे तिन्ही दुर्घटनांच्या आधीपासून तो छापलेला होता.

माझा प्रश्न असा आहे की नियम असताना, निरीक्षक असताना आणि धोका माहीत असलेला माणूस, म्हणजे मायनिंग सरदार (पाळीत कामाच्या जागेच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला पर्यवेक्षक), जागेवर उभा असताना काम थांबत का नाही? नव्या संहितेने यात काही फरक पडेल का? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे.

नीलिमा_धनबाद

पैनगंगा, तुम्ही चासनालाचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही गेली बरीच वर्षे धनबादला राहतो. दर वर्षी २७ डिसेंबरला चासनालाच्या शहीद स्मारकापाशी कुटुंबे फुले वाहायला येतात. त्यात आता नातवंडेही असतात, ज्यांनी आजोबांना फक्त फोटोत पाहिले आहे. पाणी उपसून मृतदेह बाहेर काढायला तेव्हा कित्येक आठवडे लागले होते आणि ज्यांची ओळख पटली नाही अशांची संख्याही मोठी होती, असे इथले वयस्कर लोक सांगतात.

या दुर्घटनेची न्यायालयीन चौकशी झाली, अहवाल आला, दोषही दाखवला गेला. फौजदारी खटल्याचा निकाल मात्र २०१२ साली लागला. दोन अधिकाऱ्यांना एकेक वर्षाची शिक्षा झाली, तीही घटनेनंतर छत्तीस वर्षांनी. ज्या बायका १९७५ मध्ये विधवा झाल्या त्यांतल्या किती जणी तो निकाल ऐकायला हयात असतील, याचा विचार मी नेहमी करते. नियम मोडणाऱ्याला शिक्षेची भीती वाटत नाही याचे एक कारण हे आहे.

शशांक_कुलकर्णी_पुणे

महाबीर खाण म्हणजे तीच ना, जिथे जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूल बनवून ६५ जणांना एकेक करून वर काढले होते?

पैनगंगा

होय, तीच. वरून मोठे भोक पाडून त्यातून कॅप्सूल सोडली आणि गिल स्वतः खाली उतरले. त्यांच्या धैर्याला तोड नाही आणि ती हकीकत शाळेतल्या मुलांनाही सांगायला हवी. मात्र तिथे सहा जण वाचू शकले नाहीत, आणि वरच्या जुन्या कामातले पाणी सुरुंगानंतर खाली आले, हे कारण बचावाच्या कथेत मागे पडते.

निवृत्त_ओव्हरमन

मी नागपूर जिल्ह्यातील भूमिगत खाणींत आधी मायनिंग सरदार आणि पुढे ओव्हरमन (सरदाराच्या वरचा पर्यवेक्षक) म्हणून निवृत्तीपर्यंत काम केले. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या जागेवरून देतो.

पाळी सुरू झाली की फेसवर, म्हणजे कोळसा तोडण्याच्या जागी, सर्वांत आधी सरदार जातो. एका हाताची बोटे छताला टेकवायची आणि दुसऱ्या हातातील काठीने शेजारी ठोकायचे. छत घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो आणि बोटांना काही जाणवत नाही. थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो आणि बोटांखाली थरथर लागते. मग सब्बलीने सैल दगड पाडून घ्यायचा, तेही टेकू दिलेल्या छताखाली उभे राहून. बोल्ट मारून झाल्याशिवाय किंवा टेकू बसल्याशिवाय एकालाही पुढे सोडायचे नाही. डिपिलरिंगमध्ये, म्हणजे खांब काढत मागे येताना, छत आधी बोलते. बारीक कचकच ऐकू येते, टेकूंच्या डोक्यावरची पाचर चेपते, भिंतीतून कोळशाच्या चिपा उडतात. हे सगळे कळणारा माणूस जागेवर असतो आणि माणसे मागे घेण्याचा अधिकार विनियमांनी त्याला दिलेलाच आहे. त्याचे ते कर्तव्यच आहे.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. सरदाराने आपल्या पाळीचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहून सही करायची असते. एका खाणीत, नाव लिहीत नाही, मी एका डिपच्या (उताराने खाली जाणाऱ्या वाटेच्या) छताबद्दल "छत खराब, काम थांबवले" असे लिहू लागलो. दोन-तीन पाळ्यांनंतर वरिष्ठांनी बोलावून शांतपणे सांगितले, "तुम्ही तोंडी सांगत जा, आम्ही बघतो. लिहीत जाऊ नका." लिहिले की ओव्हरमनला सही करावी लागते, असिस्टंट मॅनेजरला वाचावे लागते, मॅनेजरला कारवाई करावी लागते, आणि पुढे काही घडलेच तर तो कागद चौकशीत समोर येतो. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की संपते. मी लिहीत राहिलो. माझी बदली पृष्ठभागावरच्या कामावर झाली. पगार तोच राहिला, पण भूमिगत भत्ता गेला आणि माझ्या जागी आलेल्या तरुण मुलाला जे समजायचे ते समजले.

म्हणून माझे मत असे आहे की धोका बहुतेक वेळा आधी माहीत असतो. तो कागदावर येऊ दिला जात नाही.

वेस्ट_व्हर्जिनियाहून_अमोल

ओव्हरमन काका, तुमचा प्रतिसाद वाचून मला इथले प्रकरण आठवले. मी अमेरिकेत मॉर्गनटाउनला राहतो. माझा व्यवसाय वेगळा आहे, पण या राज्यात कोळशाचा विषय कोणालाच टळत नाही.

५ एप्रिल २०१० रोजी इथल्या अप्पर बिग ब्रँच खाणीत मिथेन आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन २९ कामगार गेले. नंतरच्या सरकारी तपासात निघाले की खाणीत धोक्यांच्या नोंदींच्या दोन वह्या ठेवल्या जात होत्या. एक कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी, ज्यात खरे धोके लिहिलेले असत, आणि दुसरी कायद्याने ठेवायची, जी निरीक्षक पाहत. काकांनी सांगितलेला "तोंडी सांगा" हा उपाय आणि ही दुसरी वही यांचा हेतू मला एकच वाटतो.

इथला कायदा १९७७ चा आहे. त्यानुसार प्रत्येक भूमिगत खाणीची वर्षातून किमान चार वेळा आणि उघड्या खाणीची किमान दोन वेळा संपूर्ण तपासणी व्हावीच लागते. निरीक्षक येत असल्याची आगाऊ वर्दी देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. या खाणीत फाटकावरचे रक्षक निरीक्षकांची गाडी दिसली की रेडिओवरून आत कळवत, आणि पहाऱ्याच्या विभागाच्या प्रमुखाला त्या प्रकरणात तुरुंगवास झाला. कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी डॉन ब्लँकेनशिप यांना २०१६ मध्ये एक वर्षाची कैद झाली. २९ मृत्यूंच्या मानाने ही शिक्षा किरकोळ आहे असे इथल्या कुटुंबांचे म्हणणे होते आणि मला ते पटते. तरी एवढ्या वरच्या माणसाला तुरुंगात जावे लागले, याचा परिणाम होतो.

अ‍ॅड_म्हापसा

मी वकील आहे आणि कामगारविषयक खटले पाहते. कायद्याच्या बाजूने थोडे स्पष्टीकरण देते, कारण काही गोष्टी लोकांना वाटतात त्याहून वेगळ्या आहेत.

निरीक्षकाच्या हाती काही नसते, हा समज चुकीचा आहे. १९५२ च्या अधिनियमाचे कलम २२ बरेच धारदार होते. कोणत्याही विनियमात न बसणारा धोका दिसला तरी निरीक्षक तो दूर करण्याची लेखी नोटीस देऊ शकत असे, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर खाणीच्या त्या भागात माणसे कामाला लावण्यास थेट मनाई करू शकत असे. उत्पादन बंद पाडणारा हा आदेश व्यवस्थापनाला दंडापेक्षा कितीतरी जास्त झोंबतो.

दुबळी होती ती शिक्षेची बाजू. नियम मोडल्यामुळे माणूस दगावला तर कलम ७२-क नुसार कमाल दोन वर्षे कैद किंवा कमाल पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! खेरीज, गुन्हा घडल्यापासून किंवा निरीक्षकाला कळल्यापासून साधारण सहा महिन्यांत तक्रार दाखल व्हावी लागे. न्यायालयीन चौकशी नेमली असेल तर अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष. नव्या संहितेत मृत्यूच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे आणि दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही सुधारणा आहे आणि ती सुधारणा म्हणूनच मान्य करायला हवी.

ज्याची मला काळजी वाटते ती बाब वेगळी आहे. निरीक्षक आता "निरीक्षक-नि-सुकरकर्ता" झाला आहे. त्याने मालकाला सल्लाही द्यायचा आणि तपासणीही करायची. तपासणीसाठी आस्थापना संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने निवडण्याची आणि ऑनलाइन तपासणीची सोयही संहितेत आहे. कापडाच्या दुकानासाठी हे एक वेळ चालेल. खाणीचे छत ऑनलाइन कसे तपासणार?

डंपर_आणि_धूळ

सर्वांचे प्रतिसाद भूमिगत खाणींवर आहेत. आज देशातला बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून निघतो आणि तिथे वरची माती-दगड हटवण्याचे, म्हणजे ओबीचे काम मुख्यतः ठेकेदारांकडे असते. मी अशाच एका ठेकेदाराकडे साइट इन्चार्ज होतो, त्यामुळे ही बाजू मी मांडायला हवी.

निविदा सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते. दर घनमीटरवर ठरतो आणि टिपर (माती वाहणारा ट्रक) चालवणाऱ्याची कमाई प्रत्यक्षात खेपांवर ठरते. हॉल रोडच्या (खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्याच्या) कडेला मातीचा बांध हवा, डंपच्या टोकाला गाडी मागे घेताना इशारा देणारा माणूस हवा, रात्री पुरेसा उजेड हवा, रस्त्यावर पाणी मारायला टँकर हवा. हे सगळे करारात लिहिलेले असते, परंतु त्यासाठी वेगळे पैसे मोजलेले नसतात, त्यामुळे महिनाअखेरीस दर परवडेनासा झाला की पहिली कात्री तिथेच लागते. पाण्याच्या टँकरच्या खेपा कमी होतात. इशारा देणाऱ्या माणसाला दुसऱ्या कामावर पाठवतात. मागे घेताना वाजणारा भोंगा बंद पडला तर तो दुरुस्त व्हायला आठवडा जातो आणि तोवर गाडी मात्र थांबत नाही.

२९ डिसेंबर २०१६ ची झारखंडमधील राजमहाल प्रकल्पाची, लालमटियाची दुर्घटना सर्वांनी अभ्यासावी. ओबीचा प्रचंड ढिगारा घसरला आणि २३ कामगार गाडले गेले. ते ठेकेदाराचे कामगार होते. कायद्याने जबाबदारी मालक, एजंट (खाणीवरचा मालकाचा प्रतिनिधी) आणि मॅनेजर यांचीच राहते, तरी जागेवर हुकूम चालतो तो ठेकेदाराच्या मुनीमाचा, आणि त्या मुनीमाकडे खाणीचे कोणतेही सक्षमता प्रमाणपत्र नसते.

निवृत्त_ओव्हरमन

डंपर भाऊ, तुम्ही आतली गोष्ट स्वच्छ मांडलीत. माझा एकच प्रश्न आहे. १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार प्रशिक्षण केंद्रात शिकल्याशिवाय कोणालाही खाणीत कामाला लावता येत नाही. तुमच्याकडच्या टिपरचालकांना ते प्रशिक्षण मिळत होते का?

डंपर_आणि_धूळ

कागदावर सर्वांना मिळत होते. प्रत्यक्षात, गाडी उभी राहिली की ठेकेदाराचे नुकसान होते, म्हणून चालक सकाळी केंद्रात हजेरी लावून दुपारी पाळीवर दिसत असे. चालक बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि झारखंडचे. तीन-चार महिन्यांत निम्मे बदललेले असत.

गोमती_वडार

माझा प्रतिसाद थोडा बाजूला जाईल, पण विषय सोडणार नाही. मी पुण्याजवळच्या दगडखाणींच्या वस्तीत वाढले आणि आता तिथल्याच मुलांना शिकवते. आमच्या वडार समाजाच्या पिढ्या दगड फोडण्यात गेल्या आहेत. कोळसा खाणीत निदान सरदार असतो, अहवाल असतो, युनियन असते. आमच्या खाणीत यातले काही नसते.

अधिनियमात एक सूट होती. मुरूम, वाळू, इमारतीचा दगड, खडी अशी उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, कामगार पन्नासपेक्षा जास्त नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर खाण कायद्याच्या बहुतेक तरतुदी तिला लागू होत नसत. कागदावर अटी वाजवी दिसतात. आमच्या खाणी मात्र तीन-चार मजली इमारत आत बसेल एवढ्या खोल असतात, सुरुंग रोज उडतात, आणि तरीही त्यांच्याकडे लहान खाण म्हणूनच पाहिले जाते. गौण खनिजाचा परवाना जिल्हा प्रशासन देते, म्हणून तलाठी आणि तहसीलदार येतात ते किती ब्रास दगड उचलला आणि स्वामित्वधन भरले का, हे पाहायला. कडा किती उभा कापला आहे हे पाहणे त्यांच्या कामात येत नाही. ते ज्यांचे काम आहे ते खाते केंद्राचे, आणि त्यांचे कार्यालय दूर. दोन सरकारांच्या मधल्या फटीत आमची माणसे काम करतात.

कड्याच्या अगदी काठावर, कमरेला दोरही न बांधता, ड्रिल मशीन पोटाशी धरून उभा असलेला माणूस मी लहानपणापासून पाहत आले आहे. कोरड्या ड्रिलची पांढरी धूळ त्याच्या पापण्यांवर बसलेली असते. धुळीवर पाणी मारत ड्रिल करायचे, हा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. पुढे खोकला सुरू होतो, सरकारी दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या मिळतात, आणि खरा आजार सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) असला तरी तसे कागदावर येत नाही. ओव्हरमन काकांनी धोका लिहू न देण्याबद्दल सांगितले. आमच्याकडे आजारही लिहिला जात नाही, आणि आजार नोंदला गेला नाही म्हणून भरपाईही मिळत नाही.

खाण संपली की ती तशीच सोडून देतात. पावसाळ्यात तळे होते, कुंपण नसते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला गेलेली मुले बुडतात. अशा बातम्या दर वर्षी येतात आणि त्यांना खाण अपघात कोणी म्हणत नाही.

नीलिमा_धनबाद

गोमतीताई, हे वाचून फार वाईट वाटले. सिलिकोसिसची तपासणी कामगाराला स्वतःहून मागता येत नाही का?

अ‍ॅड_म्हापसा

सिलिकोसिस हा खाण कायद्याखाली अधिसूचित रोग आहे. तो आढळल्यास कळवणे खाणीच्या मालकावर, एजंटवर किंवा मॅनेजरवर बंधनकारक असते आणि रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरवरही. अडचण गोमतीताई म्हणतात तीच आहे. कामगार कोणत्या खाणीत होता याचा हजेरीपट नसतो, मुकादमामार्फत रोखीने मजुरी मिळते आणि दरम्यान त्याने चार खाणी बदललेल्या असतात. म्हणून ज्या ज्या संस्था वस्तीवर काम करतात त्यांनी निदान मजुरीच्या चिठ्ठ्या आणि खाणीवरचे फोटो जपून ठेवायला सांगावे. दाव्यात त्यांचा उपयोग होतो.

सांगेकर

गोव्याविषयी थोडे. आमच्याकडे खनिज लोखंडाच्या खाणींची चर्चा बेकायदा उत्खनन, त्याची चौकशी करणारा शहा आयोग, २०१२ ची बंदी आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रद्द झालेली ८८ लीजे यांभोवतीच फिरते. महसूल आणि रोजगार यांवर हजारो पाने लिहिली गेली. बंद पडलेल्या खाणींच्या सुरक्षेवर कोण लिहितो? दोन-दोन पावसाळ्यांचे पाणी साठलेले खोल खड्डे गावांच्या डोक्यावर आहेत आणि रिजेक्शनचे, म्हणजे टाकाऊ माती-दगडांचे, डंप उतारावर उभे आहेत. जोराच्या पावसात त्यांचा गाळ शेतात आणि ओहोळात उतरतो. खाण चालू असते तेव्हा निदान पंप चालू असतो आणि कोणी तरी मॅनेजर म्हणून सही करतो. बंद खाणीला जबाबदार माणूस शोधावा लागतो. धागाकर्त्यांनी चासनाला आणि बागडिगीबद्दल जे लिहिले, जुन्या सोडलेल्या कामातले पाणी, तेच आमच्याकडे उघड्यावर आहे.

भूगर्भातली_मुलगी

मी खाण अभियंता आहे आणि एका भूमिगत खाणीत काम करते. २०१९ पर्यंत स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास कायद्याने बंदी होती. त्या वर्षीच्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, किमान तिघींच्या गटाने आणि लेखी संमतीने, ती उठली. त्यामुळे माझा अनुभव ओव्हरमन काकांच्या मानाने लहान आहे, पण मला एक नवीन प्रकार दिसतो तो सांगते.

२०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी प्रत्येक खाणीला स्वतःचा सेफ्टी मॅनेजमेंट प्लॅन बंधनकारक केला. कल्पना उत्तम आहे. आपल्या खाणीतले मोठे धोके कामगारांसह बसून ओळखायचे, प्रत्येकावर उपाय आणि जबाबदार माणूस ठरवायचा. मी रुजू झाल्यावर आमचा प्लॅन वाचायला घेतला तर त्यात आमच्याकडे नसलेल्या एका यंत्राचा धोका सविस्तर लिहिलेला होता, आणि आमच्या पूर्वेकडच्या जुन्या, पाणी साठलेल्या पॅनेलचा (खाणीतल्या कामाच्या भागाचा) उल्लेख केवळ एका ओळीत होता. दुसऱ्या खाणीचा प्लॅन नाव बदलून आणलेला होता हे उघड होते. मी आणि सर्व्हेअरनी मिळून तो भाग नव्याने लिहिला, जुने नकाशे तपासले आणि पुढच्या भोकांचा क्रम ठरवून घेतला. व्यवस्थापनाने ते मान्य केले, हेही मला नमूद करायला हवे. वरून मागणी आली की चांगले कामही होते. अडचण अशी आहे की प्लॅन आहे का, हे तपासले जाते. त्यात काय लिहिले आहे, हे विचारणारा क्वचित भेटतो.

पैनगंगा

जुन्या नकाशांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बागडिगीतही नवे काम आणि जुने पाणी यांच्या मधली भिंत नकाशावर होती त्यापेक्षा प्रत्यक्षात फारच कमी जाडीची निघाली. ऑस्ट्रेलियात १४ नोव्हेंबर १९९६ रोजी ग्रेटली खाणीत अगदी असेच घडले. शेजारच्या जुन्या खाणीचा सरकारी खात्याकडून मिळालेला नकाशा चुकीचा होता, कामगार पाण्याच्या फार जवळ पोचले आणि चौघे बुडाले. तिथे "नकाशा सरकारने दिला होता" हा बचाव न्यायालयाने पुरेसा मानला नाही. नकाशाची खातरजमा करणे हे कंपनीचे काम होते, असे ठरवून कंपन्यांना आणि काही अधिकाऱ्यांना दोषी धरले गेले. आपल्या राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या खाणींचे नकाशे किती भरवशाचे आहेत हे इथे लिहिणाऱ्या प्रत्येक खाणवाल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हा निकाल आपल्या प्रशिक्षण केंद्रांत शिकवला जावा असे मला वाटते.

पाळी_तिसरी

थोडा वेगळा सूर लावतो. मी खाणीत वर्कमेन्स इन्स्पेक्टर होतो. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खाणीत कामगारांच्या बाजूने तपासणी करणारा माणूस नेमण्याची तरतूद १९५५ च्या खाण नियमांत आहे, आणि शंभरपेक्षा जास्त कामगार असतील तर सुरक्षा समिती हवी. मला इथे सगळा दोष व्यवस्थापनावर टाकलेला दिसतो आणि ते मला पूर्ण मान्य नाही. सुरक्षा समितीच्या बैठकीत आम्ही कामगार प्रतिनिधी काय मांडायचो? कँटीनचा चहा, बूट वेळेवर न मिळणे, क्वार्टरची गळती. हे प्रश्न खरे आहेत, पण त्यांची जागा दुसरीकडे आहे. फेसवरची हवा कमी झाली आहे, स्टॉपिंगमधून (हवा अडवणाऱ्या भिंतीतून) हवा गळते आहे, हे मुद्दे मी मांडले तेव्हा माझ्याच युनियनचे लोक म्हणाले की पॅनेल बंद पडले तर इन्सेंटिव्ह बुडेल. कामगारालाही घर चालवायचे असते हे मी समजतो. १९९४ च्या न्यू केंदा दुर्घटनेत ५५ माणसे आगीच्या धुराने आणि कार्बन मोनॉक्साइडने गेली. हवेचा प्रश्न चहाच्या प्रश्नाआधी यायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त_ओव्हरमन

तुमचे म्हणणे बरोबर आहे. माझी बदली झाली तेव्हा युनियनने पत्र दिले नव्हते.

शशांक_कुलकर्णी_पुणे

मी या क्षेत्राबाहेरचा वाचक आहे. एवढे सगळे वाचल्यावर साधा प्रश्न पडतो. कामगाराला किंवा सरदाराला धोका दिसला आणि त्याने "मी आत जाणार नाही" असे म्हटले, तर नवी संहिता त्याच्या पाठीशी उभी राहते का?

अ‍ॅड_म्हापसा

प्रश्न नेमका आहे, आणि धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. संहितेचे कलम १४ पाहा. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची रास्त भीती कर्मचाऱ्याला वाटली, तर तो मालकाला स्वतः किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला धोका पटला तर त्याने लगेच उपाय करून निरीक्षकाला अहवाल पाठवायचा. पटला नाही तरी प्रकरण ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवायचे आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम. "त्याच वेळी" हा भाग फार मोलाचा आहे, कारण कामगाराची तक्रार मालकाच्या टेबलावरून पुढे सरकण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण निर्णय येईपर्यंत त्याने कामावर राहायचे की नाही, हे कलमात सांगितलेले नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९५ च्या खाण सुरक्षाविषयक १७६ क्रमांकाच्या करारात, गंभीर धोका आहे असे रास्त कारणाने वाटल्यास त्या जागेवरून दूर होण्याचा कामगाराचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. भारताने तो करार अनुसमर्थित केलेला नाही. कोळसा खाणीच्या सरदाराला विनियमांनी माणसे मागे घेण्याचा अधिकार दिलेला आहे आणि जुने विनियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात. ठेकेदाराच्या टिपरचालकाला आणि गोमतीताईंच्या वस्तीतल्या ड्रिलवाल्याला मात्र कलम १४ वरच अवलंबून राहावे लागेल.

पैनगंगा

धन्यवाद, ताई. मला हवे होते ते उत्तर मिळाले आणि माझे मत पक्के झाले. धोका जागेवरच्या माणसाला सर्वांत आधी कळतो, म्हणून काम थांबवण्याचा हक्क त्याच्याच हातात लेखी हवा, आणि त्याने तो वापरल्यावर त्याची बदली किंवा बडतर्फी झाली तर ती आपोआप निरीक्षकाच्या चौकशीत यायला हवी. निरीक्षकांची संख्या वाढवा, दंड वाढवा, हे सगळे व्हावे. पण निरीक्षक वर्षातून काही दिवस येणार आणि सरदार रोज तिन्ही पाळ्यांत असणार.

मी कलम १४ खाली द्यायच्या सूचनेचा एक सोपा मराठी-हिंदी नमुना तयार करतो : तारीख, पाळी, जागा, काय दिसले, कोणाला कळवले, आणि एक प्रत स्वतःजवळ. ताईंनी तो तपासून द्यावा ही विनंती.

अ‍ॅड_म्हापसा

जरूर पाठवा. त्यात साक्षीदाराच्या सहीसाठी जागा ठेवा, आणि पोच न मिळाल्यास नोंदणीकृत डाकेने किंवा ई-मेलने पाठवल्याची नोंद करायला एक ओळ ठेवा.

गोमती_वडार

आमच्याकडे पुष्कळांना लिहिता येत नाही. नमुन्यात खुणा करायचे चौकोन आणि चित्रे घालता आली तर बघा : सुटलेला कडा, दोर नाही, पाण्याविना ड्रिल, न उडालेला सुरुंग. अंगठ्यासाठीही जागा हवी. मी तो वस्तीवर वाचून दाखवीन आणि कुठे अडते ते इथे कळवीन.

निवृत्त_ओव्हरमन

छतासाठीही एक चौकोन ठेवा : "ठोकल्यावर आवाज बद्द".